न हालणारं मशीन

आमच्या थोरल्या साडूंचं या जगाशी एकाच गोष्टीवरून वाकडं आहे, ते म्हणजे जग हालतं. बाकी त्यांची कशालाच ना नसते. आमटीत मीठ जास्त पडलं तरी चालतं, पाऊस लांबला तरी बघू म्हणतात, कारखान्याच्या निवडणुकीत कुठलंही पॅनल आलं तरी त्यांचा चेहरा तोच. पण छताचा पंखा जरा डुगडुगला, फ्रीज बंद होताना दचकला, शेजारच्या मळ्यातली मोटार खडखडत सुरू झाली, की यांच्या कपाळाची शीर उभी राहिलीच म्हणून समजा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात त्यांनी उभी नोकरी फिटर म्हणून काढली. उसाचा चोथा करणारे ते अजस्र रोलर, गरगर फिरून साखर वेगळी करणारी यंत्रं, पंप, टर्बाइन, या सगळ्यांचं हालणं थांबवायचं, निदान कमी करायचं, हे त्यांचं काम. मी पडलो इतिहासाचा मास्तर. फ्यूज या वस्तूशी माझी ओळख केवळ नावापुरती. त्यामुळे ते यंत्रावर बोलू लागले की मी मान हालवत राहतो, आणि ते माझ्या हालणाऱ्या मानेकडेही जरा संशयानंच बघतात.

"हालतंय म्हंजी झिजतंय, मास्तर," हे त्यांचं म्हणणं. कोणत्याही घरी गेले की चहाच्या आधी त्या घरातल्या यंत्रांची तब्येत बघतात. त्यासाठी लांब दांड्याचा एक स्क्रू ड्रायव्हर नेहमी खिशात. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत उभं राहायचं. आमच्या फ्रीजला त्यांनी असं तपासलं तेव्हा माझी बायको दारात ताटकळत उभी, जणू सासूबाईंनाच ऑपरेशनला नेलंय. "छातीत घरघर हाय," असा निकाल देऊन त्यांनी फ्रीज भिंतीपासून ओढला, खाली रबराचे तुकडे सरकवले आणि असा ठेवला की स्वयंपाकघराचं दार आजतागायत पुरतं उघडत नाही. आम्ही तिरके होऊन आत जातो. पण फ्रीज गप्प आहे, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या पुतणीच्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना हे कार्यालयाच्या स्टेजवर चढले, डोक्यावरचा पंखा डुगडुगतोय म्हणून बटण बंद केलं आणि खुर्चीवर उभे राहून पाती तपासायला लागले. मे महिना, खाली घामाघूम नवरानवरी, वर आमचे साडू. व्याही मला विचारतात, "हे कोण?" मी म्हटलं, "मुलीकडचेच आहेत," आणि अक्षता टाकत दुसरीकडे तोंड केलं.

त्यांची आणखी एक परीक्षा होती, नाण्याची. चालत्या यंत्रावर रुपया कडेवर उभा करायचा. उभा राहिला तर यंत्र ठणठणीत, पडला तर आजारी. कारखान्यात म्हणे त्यांनी एकेका पंपावर असा रुपया उभा करून मोठ्या साहेबांना दाखवला होता. घरचं कपडे धुण्याचं मशीन त्यांनी या परीक्षेत पास करून घेतलं, ते इतकं की अक्कांना ते चालू आहे का बंद, तेच कळेनासं झालं. त्या झाकणाला कान लावून कपडे धुतात. त्यांची स्कूटर तर विचारूच नका. तिशीतली गाडी, पण चालते कशी, तर पाण्यावरून काही घसरत जावं तशी. कारखान्याच्या रस्त्यावरच्या वस्तीवर त्यांचं घर. तिथून दर बाजारच्या दिवशी साडू पुढे आणि अक्का मागे एका अंगानं बसून, मांडीवर पिशव्या, असे दोघं श्रीगोंद्यात यायचे. बाजार आटपला की आमच्याकडे. साडू आमची यंत्रं तपासणार आणि या दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसून असं काही खुसखुसणार की मी आत गेलो तर गप्प होणार. अक्कांचं माहेरचं घर भावांच्या वाटण्यांत कधीच बंद पडलं. "आता हेच माझं माहेर," असं त्या माझ्या बायकोच्या चुलीपुढे बसून म्हणायच्या. चूल कसली, गॅसच, पण त्या चूलच म्हणायच्या.

आणि मग अक्का पडल्या. पडल्या म्हणजे काय, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकताना पाय जरा घसरला आणि हात टेकला. एवढ्यानं आपल्याला खरचटतं. अक्कांचं मनगट मोडलं. नगरला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी प्लास्टर घातलं, हाडांची घनता मोजायचं ते मशीन असतं त्याच्याखाली झोपवलं आणि सांगितलं, की हाडं आतून ठिसूळ झालीत. आता पडायचं नाही. आज मनगट आहे, उद्या खुबा असेल, मग अंथरूण सुटणं अवघड. गोळ्या, कॅल्शियम, सकाळचं ऊन, रोज चालणं. आणि स्कूटरवर मागं बसणं सध्या बंद, त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं तर अजिबात नाही.

साडू हे सगळं उभ्यानं ऐकत होते. बाहेर आल्यावर व्हरांड्यात मला म्हणाले, "मास्तर, बेरिंग गेलं तर नवं टाकता येतंय. हिचं काय टाकू?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी आपलं मान हालवायला गेलो आणि थांबलो.

त्या दिवसापासून अक्कांचं बाहेर निघणं संपलं. डॉक्टरीणबाईंनी स्कूटर बंद म्हटलं होतं, साडूंनी सगळंच बंद केलं. रिक्षा? "ती तर डबा हाय, खडखडणारा." एसटी? "मागच्या सीटवर बसून बघा कधी." माझी मोटार? तिच्या बॉनेटवर त्यांनी रुपया उभा केला, तो पडला, विषय संपला. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी तो रस्ता असा काही खणून ठेवलेला असतो की माझीही हिंमत झाली नाही जोर करायची. बाजाराला साडू एकटे यायचे. आमच्या ओट्यावर टेकायचे, मेथीच्या जुड्या खाली ठेवायचे आणि कशालाही कान न लावता निघून जायचे. आतला पंखा त्यांच्या पाठीमागे खुशाल डुगडुगला तरी लक्ष नाही. बायकोला मी वस्तीवर नेऊन आणलं, तर अक्का तिला म्हणाल्या, "हाडाचं काय व्हायचं ते हू दे गं. मला एकदा तुझ्याकडं यायचंय, बास. गाडीवर बसून. ह्यांच्या मागं बसले न्हाई तर मी बाजाराला गेले असं वाटतच न्हाई." येताना बायको गाडीत रडली. मी म्हटलं, आपण त्यांना हळूच घेऊन येऊ. ती म्हणाली, "तुम्हाला काही कळत नाही." खरंच कळत नव्हतं.

असं चाललेलं असताना त्यांचा मुलगा पुण्याहून ते मशीन घेऊन आला. तो तिकडं कुठल्याशा कंपनीत आहे आणि मोबाईलवर पुष्कळ वाचतो. दिसायला जाडजूड वजनकाटा, पुढे धरायला दांडा. त्यावर उभं राहायचं, बटण दाबायचं, की पायाखालचा पाट थरथरतो. ती थरथर पायांतून वर चढते आणि हाडांना वाटतं आपल्यावर काम पडलंय, म्हणून ती भरायला लागतात. असं मुलानं सांगितलं. साडूंनी ते दोनदा ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी हे मुद्दाम हालतंय?" मुलगा म्हणाला, "होय बाबा, त्याचं कामच ते आहे." साडू खाली बसले.

त्यांच्या समोरच मुलानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "काही पेशंटना थोडा फायदा झालेला दिसतो, काहींना काहीच नाही. खात्रीनं सांगावं इतकं अजून आम्हालाही माहीत नाही. वापरायचंच असेल तर सगळ्यात कमीवर, दांडा धरून, शेजारी माणूस उभं करून, थोडाच वेळ. गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत." मुलाला यात होकार ऐकू आला, साडूंना नकार. अक्कांना काय ऐकू आलं ते त्यांना कुणी विचारलंच नाही.

पुढच्या बाजारी साडू आमच्या ओट्यावर आले ते हा गुंता घेऊनच. "मला एक सांगा मास्तर. कारखान्याच्या रस्त्यावर गाडी हालती, तर बाई म्हनती हाडं मोडत्याल. मशीन हालतं, तर पोरगं म्हनतंय हाडं भरत्याल. थरथर तर दोन्हीकडं थरथरच हाय का न्हाई?" मी म्हटलं, मशीनची बारीक असते, रस्त्याची मोठी. "बारीक थरथरीनंच तर बेरिंग खाल्लं जातंय," ते म्हणाले, "मोठ्या धक्क्यानं नुसतं मोडतंय. आता काय?" आता काय ते मलाही कळेना. अकबराबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं. दारात येऊन बायको म्हणाली, "दाजी, मीठ नाही का, चिमूटभर लागतं आणि मूठभर चालत नाही?" मला हे एकदम पटलं. साडूंनी विचार केला आणि म्हणाले, "मंग तिला खड्ड्यातनं चिमूटभर फिरवू का?" बायको पुन्हा आत गेली. रस्त्यावरून एक टेम्पो धडधडत गेला. साडू त्याच्याकडे बघत म्हणाले, "जलमभर मी ज्याच्याशी झगडलो, मास्तर, ते औषध हुतं का काय?" मी चहा मागवला, दुसरं काय करणार.

मशीन सुरू झालं. मी बायकोला घेऊन बघायला गेलो होतो. अक्का चपला काढून, पाया पडून त्यावर चढल्या. बटण दाबताच बांगड्या किणकिणायला लागल्या, चष्मा नाकावरून उतरायला लागला. त्या हसत होत्या, घाबरत होत्या आणि माझ्या बायकोचा दंड घट्ट धरून होत्या. शेजारी माणूस उभं पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ते माणूस म्हणजे साडू. पण साडूंना ते बघवेना. मशीन सुरू झालं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की दाढ काढायला बसवलंय. ते उठून तरातरा अंगणात गेले आणि कोंबड्यांत जाऊन उभे राहिले. "रोज असंच करतेत," अक्का थरथरत्या आवाजात म्हणाल्या. मग शेजारची एक बाई येऊन उभी राहायची, कधी तीही नाही.

पुढे हंगाम सुरू झाला, रस्ता ट्रॅक्टरांनी भरला, माझ्या बायकोला खोकला लागला, म्हणून आमचं वस्तीवर जाणं राहून गेलं. महिन्याभरानं मी एकटा गेलो, तर चमत्कार. अक्का मशीनवर उभ्या, मशीन बारीक गुणगुणतंय, आणि साडू त्यांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून, अक्कांच्या कोपराखाली हात देऊन उभे. चेहऱ्यावर समाधान. मला म्हणाले, "या मास्तर, बघा आता. लोण्यावानी चाललंय." मी खाली बघितलं. अक्कांच्या पायांजवळ, पाटाच्या कोपऱ्यावर, एक रुपया कडेवर उभा होता. शांत. अक्कांच्या बांगड्याही शांत.

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. मशीन त्यांनी उघडलं होतं. आत मोटार, आणि मोटारीच्या दांड्याला एक वजन, तेही एकाच बाजूला बसवलेलं. "एका अंगाला, मास्तर! कारखान्यात असं कुनी केलं असतं तर साहेबानं दुपारी घरी धाडलं असतं. मंग ते हालनार न्हाई तर काय करनार?" साडूंनी दुसऱ्या अंगाला तेवढंच वजन ठोकून बसवलं, तोल साधला, खाली रबर घातलं, बोल्ट आवळले. थरथर गेली. ते एकच वजन एका बाजूला असणं हेच त्या मशीनचं सगळं काम होतं, हे माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तरालाही त्या क्षणी कळलं. त्यांना कळलं नव्हतं, की कळूनही हात थांबले नव्हते? आजही मला सांगता येणार नाही. पस्तीस एक वर्षं ज्या हातांनी तोल साधला त्यांनी तोल साधला, एवढंच खरं.

साडू चहाचं दूध आणायला गेले तसा मी घाईनं म्हणालो, "अक्का, अहो हे मशीन हालत नाही." अक्का तशाच उभ्या, दांडा धरून. "मला कळतंय की. मीच उभी हाय त्याच्यावर." मग दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी काय बोलू नका. हालत हुतं तवा हे अंगनात पळायचे. आता रोज शेजारी उभं ऱ्हातेत. लगीन झाल्यापासनं कधी कारखान्याची रातपाळी, कधी सीझन, कधी ब्रेकडाऊन. एवढा येळ माझ्याजवळ कवा उभं ऱ्हायलेत?" त्यांच्या डोळ्यांत जरा खट्याळपणा होता आणि जरा पाणी. "अन् गोळ्या घेते मी. उन्हात बसते. चालती बी." मी गप्प बसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही गप्प बसली, आणि तिला गप्प बसवणं किती कठीण आहे हे मी जाणतो. मुलाला सांगावं का, डॉक्टरांना सांगावं का, याच्यावर आम्ही कितीदा तरी बोललो. दर वेळी काहीतरी निराळंच ठरायचं आणि सकाळी त्यातलं काहीच व्हायचं नाही.

वर्षानं पुन्हा नगरला जायचं आलं. माझ्याच मोटारीनं. मागच्या सीटवर अक्कांच्या खाली दोन गाद्या, पाठीला उशा, आणि साडू शेजारी बसून मला दर खड्ड्याआधी सांगणार, "मास्तर, म्होरं हाय... डावीकडं... हळू!" अख्ख्या रस्त्यात मी तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. दवाखान्यात अक्कांना आत नेलं. साडू बाकावर बसले, आणि मी बघतो तर या माणसाचे दोन्ही गुडघे थडथड हालताहेत. बाकसुद्धा हालत होता. माझ्या बायकोनं पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांच्या हातात डचमळली. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. अशा वेळी माणसाची चेष्टा सुचत नाही.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "घसरण थांबली आहे. थोडी सुधारणाही दिसते. छान." मग कशानं झालं, यावर तिथंच वाद. मुलगा फोनवर ओरडला, "मशीन! मी म्हणत नव्हतो?" साडू म्हणाले, "मशीनच, पन मी दुरुस्त केल्यावरचं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुख्यतः गोळ्या असाव्यात." अक्का कुणाकडेच बघत नव्हत्या. मला सगळं माहीत होतं आणि तरीही मला काही माहीत नव्हतं. कोण जाणे, कुणी शेजारी उभं राहिल्यानंही हाडांना काही होत असेल. इतिहासात याची नोंद नाही.

अक्कांनी मात्र आपला प्रश्न बरोबर आणला होता. "बाई, आता मी ह्यांच्या गाडीवर बसू का?" डॉक्टरीणबाई हसल्या. "बसा. पण अगदी हळू, आणि खड्ड्यातून धक्का नको." अक्कांचं तोंड उजळलं आणि साडूंचं पांढरं पडलं. नाही म्हणायला आता साडूंजवळ काही कारणच उरलं नव्हतं.

बाजारच्या दिवशी दुपारी आमच्या दारात स्कूटर आली. बायको धावत गेली. अक्का मागे बसलेल्या, एका अंगानं, नवं लुगडं, मांडीवर पिशवी. साडू घामानं चिंब. दोघी बहिणी आत गेल्या आणि खुसखुस सुरू झाली. पार उन्हं कलेपर्यंत चहाची दोन आधणं झाली, हसण्याचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. साडू माझ्याशेजारी बसून पाय चोळत होते. मी विचारलं, कसे आलात, तर म्हणाले, "हळू." जाताना आम्ही फाटकात उभे राहिलो. अक्का बसल्या. मी वाट बघतोय, साडू आता किक मारतील. त्यांनी मारली नाही. इंजिन हालतं ना. दोन्ही हातांनी हँडल धरलं, कंबर वाकवली आणि गाडी ढकलत चालायला लागले. काडीसारख्या अक्का मागे ताठ बसून, हातानं आम्हाला टाटा करत होत्या. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला, तिथं ते थांबले, पुढचं चाक हळूच वर चढवलं, हळूच उतरवलं, मागे वळून काहीतरी विचारलं. अक्कांनी मान हालवली. मग दोघं उसाच्या ट्रॅक्टरांच्या कडेकडेनं कारखान्याच्या रस्त्याला लागले आणि दिसेनासे झाले.

दिवेलागणीनंतर बायकोनं फोन लावला. "पोचलात का गं? कसे गेलात?"

"मी गाडीवर आले," अक्का म्हणाल्या. "हे चालत आले."